एका दिवसाचा घाट: ठरवल्यापासून घरी परतेपर्यंत

गेल्या रविवारी, २३ तारखेला, मी मोटरसायकलवर एकटीने डोंगरातून २०० किलोमीटरची फेरी मारून आले. सकाळी सहा वीसला निघाले, संध्याकाळी साडेपाचला घरी. ज्यांना अशा रस्त्यांची सवय आहे त्यांच्यासाठी यात विशेष काही नाही. माझ्यासाठी त्यामागे बावीस दिवसांची तयारी होती आणि दोन वर्षांची भीती होती. तयारी करताना मला डोंगराचे फोटो भरपूर सापडले, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने बसून नेमकं काय ठरवायचं ते फारसं कुठे मिळालं नाही. म्हणून तारीखवार लिहिते.

आधी भीतीबद्दल. दोन वर्षांपूर्वी एका उतारावर डावीकडच्या वळणात माझी गाडी बाहेर सरकत गेली, ती थेट समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. समोर ट्रक होता. त्याने करकचून ब्रेक लावला, मी कशीबशी आत आले. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या हॉर्नचा आवाज माझ्या अंगात राहिला आणि त्यानंतर मी गाडी डोंगराकडे वळवली नाही. रोज सपाट रस्त्याने कामावर जात होते, येत होते. या वर्षी ठरवलं की एकदा नीट शिकून, नीट आखून जायचंच.

१ तारखेला, शनिवारी, नकाशा उघडून बसले. पहिली फेरी आखली ती ३४० किलोमीटरची. मोबाइल म्हणाला, सात तास वीस मिनिटं. पहाटे निघालं की दुपारी घरी, असं वाटून मी खूश झाले. मग ओळखीच्या एका जुन्या चालकाने विचारलं, "यात थांबणं कुठे धरलंय?" तेव्हा लक्षात आलं की तो आकडा सलग चालणाऱ्या गाडीचा आहे. त्यात पाणी पिणं नाही, पाठ मोकळी करणं नाही, आणि ज्यासाठी जायचं ते कड्यावर उभं राहून बघणं तर नाहीच.

मग किलोमीटर बाजूला ठेवून तास मोजले. सपाट रस्त्याला ताशी ४५ ची सरासरी धरली, डोंगराला २८ ची. २८ फार कमी वाटते, पण चढ, तीव्र वळणं, पुढे रांगणारी अवजड वाहनं असं सगळं धरलं की सरासरी तिथेच येते. उंचीच्या रेषा असलेला नकाशा इथे कामी आला. जिथे त्या रेषा एकमेकींना चिकटून जातात आणि रस्ता त्यांच्यावरून नागमोडी होतो, तिथे दहा किलोमीटरला अर्धा तास सहज लागतो. या हिशेबात ३४० किलोमीटरची फेरी अंधार पडल्यावरच संपली असती. कापत कापत २२८ वर आणली. सपाट ११० चे अडीच तास, डोंगरातल्या ११८ चे सव्वाचार. दर दीड तासाला पंधरा मिनिटं याप्रमाणे चार थांबे, जेवणाला पाऊण तास, नुसतं बघत उभं राहायला एक तास. वर एक तास 'काहीही होऊ शकतं' म्हणून राखून ठेवला. हे सगळं मिळून साधारण साडेदहा तास. सहा वीसला निघून चार पन्नासला घरी. त्या दिवसांत सूर्य सहानंतर थोड्या वेळाने मावळत होता. पण डोंगरात मावळतीची वेळ फसवी असते. समोर उंच कडा असेल तर दरीतलं ऊन तासभर आधीच जातं आणि वळणातली खडी दिसेनाशी होते.

फेरी कुठल्या बाजूने मारायची यावरही बराच वेळ घालवला. सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे तोंड राहील अशी दिशा घेतली, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पाठीमागून येतं. शिवाय या दिशेने जास्त वळणांचा घाट चढायला येत होता आणि सौम्य घाट उतरायला. नवख्याला चढणं सोपं जातं, कारण गॅस सोडला की गाडी आपोआप मंदावते. उतारावर तसं होत नाही.

३ तारखेला कागदपत्रं काढली. गाडी मी जुनी घेतलेली. नोंदणी माझ्या नावावर झाली होती, पण विमा अजून आधीच्या मालकाच्या नावावर होता आणि वर्षभर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. अपघात झाला असता तर दाव्याच्या वेळी केवढी अडचण आली असती! नाव बदलायचा अर्ज, नोंदणीची प्रत, जुनी पॉलिसी, ओळखपत्र असं सगळं सोमवारी दिलं. गुरुवारी, ६ तारखेला, अर्ज परत आला, कारण माझी सही ओळखपत्राशी जुळत नव्हती. ७ ला पुन्हा दिला आणि १४ ला नवी पॉलिसी हातात आली. ती हातात आल्याबरोबर गाडीवर कोरलेल्या चासी नंबराशी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहिला, तर सातव्या जागी ३ च्या ऐवजी ८ छापलेला! त्याच दिवशी फोन करून दुरुस्ती करून घेतली, संध्याकाळी सुधारलेली प्रत आली. पॉलिसी आली की फाइलला लावून मोकळं होऊ नका. नाव, नोंदणी क्रमांक, चासी नंबर, तारखा, सगळं डोळ्यांखालून घाला. आणि सहलीची तारीख विम्याच्या भरवशावर असेल तर पंधरा दिवस हाताशी ठेवा.

माझा उतरणीचा रस्ता राखीव जंगलातून जात होता. तिथे वर आणि खाली एकेक नाका. १० तारखेला चौकशी केली. दोनदा फोन वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा लागला. उत्तर मिळालं की दुचाकीला वेगळी आगाऊ परवानगी नको, नाक्यावर नोंद करून पावती मिळेल. पण वरच्या नाक्यातून चारनंतर कुणाला आत सोडत नाहीत. या एका वाक्याने माझा सगळा दिवस बांधला गेला. चार चुकले तर आल्या वाटेने मागे, म्हणजे वळणांचा घाट अंधारात उतरायचा. असा नाका तुमच्या वाटेवर असेल तर त्याची वेळ आधी विचारा आणि बाकीचं वेळापत्रक तिथून उलटं मोजत आखा.

मधे ८ तारखेला गाडी गॅरेजला नेली होती. टायरची नक्षी ठीक दिसत होती, म्हणून टायरची मला काळजी नव्हती. मेकॅनिकने खाली बसून टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर जुनं होऊन कडक झालं होतं, आणि वाकून पाहिलं तर नक्षीच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. मग त्याने मागच्या टायरवर अंगठा फिरवला. मधला भाग झिजून गुळगुळीत, उजव्या कडेला न झिजलेली बोटभर पट्टी, आणि डाव्या कडेला तीच पट्टी जवळजवळ दुप्पट रुंद.

"ताई, तुम्ही डावीकडे गाडी झुकवतच नाही का?" त्याने सहज विचारलं.

मी काही बोलले नाही. दोन वर्षांची भीती तिथे रबरावर सरळ दिसत होती.

दोन्ही टायर बदलले. सगळ्या खर्चात हाच मोठा. सहलीला जेवढं पेट्रोल लागलं त्याच्या कितीतरी पट पैसे टायरला गेले, पण त्यातला एकही मला जड गेला नाही. ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी झालं होतं, तेही बदललं. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल धरलेल्यासाठी तोच आकडा १५५ वर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की चकत्या तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडतो. मेकॅनिक म्हणाला, "चढताना इंजिन दमतं, उतरताना ब्रेक दमतो. उतरताना इंजिनाला कामाला लावा." म्हणजे खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनालाच गाडी रोखू द्यायची. चेन फार सैल झाली होती, ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला आणली. नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर निसरडे असतात, त्यामुळे ते सहलीच्या आदल्या दिवशी घालू नयेत. मला मधे दोन आठवडे मिळाले, तेवढ्यात कामावर जाता-येता ते रुळले.

१५ तारखेचा सरावाचा शनिवार माझ्यासाठी प्रत्यक्ष सहलीइतकाच मोलाचा होता. सकाळी मोकळ्या मैदानात दोन तास फक्त हळू वळण्याचा सराव केला, आणि नंतर जवळच्या एका छोट्या टेकडीचा रस्ता आठ वेळा वर-खाली. माझं काय चुकत होतं ते तिथे कळलं. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला की मी घाबरून समोर बघायचे, म्हणजे ज्याला धडकायची भीती त्याच्याचकडे. आणि गाडी नजरेच्या मागे जाते. ट्रक आला तेव्हा मी ट्रककडे बघत होते. वळण जिथे संपतं तिकडे मान वळवून बघितलं की हात आपोआप तेवढेच वळतात. दुसरं म्हणजे वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. वळणात गॅस हलकाच धरून ठेवायचा. आणि डावीकडे जायचं तर डावा हँडल हलकेच पुढे ढकलायचा. वाचताना हे उलटं वाटतं, पण मैदानात दहा वेळा करून पाहिलं की हाताला पटतं.

यावर वाचताना एका अभ्यासाची माहिती मिळाली. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, हर्ट अहवाल म्हणून तो ओळखला जातो. ज्या अपघातांत दुसरं वाहनच नव्हतं, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांत चूक चालकाची होती, आणि नेहमीची चूक म्हणजे जास्त ब्रेक लावून घसरणं किंवा जास्त वेगामुळे वा पुरेसं न वळल्यामुळे वळणात बाहेर जाणं. माझीच गोष्ट त्यात लिहिलेली. मला वाचून फार हलकं वाटलं. ही चूक माझ्या एकटीची नव्हती, आणि ती सुधारता येणारी होती.

खरं तर १६ तारखेलाच जायचं ठरलं होतं. १५ च्या रात्री अंदाज बघितला, तर डोंगरमाथ्यावर पाऊस आणि धुकं. बॅग भरलेली, डबा तयार. रद्द करताना डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच नाही. पण तारीख पुढे ढकलता येते. गाव कोरडं असलं तरी माथ्याचा अंदाज वेगळा पाहावा लागतो. दर हजार मीटर चढाला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मला ११०० मीटर चढायचं होतं, म्हणजे सात अंश इथेच गेले, वर अंगावर येणारा वारा. बोटं गारठली की क्लच आणि ब्रेक उशिरा दाबले जातात, म्हणून ग्लोव्ह्जचा दुसरा, जाड जोड घेतला. आत एक पातळ, मधे एक उबदार आणि वर वारा अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा हे बरं, दुपारी काढता येतं.

२२ ला संध्याकाळी एक छोटा कागद लिहून टाकीवरच्या पिशवीच्या पारदर्शक कप्प्यात ठेवला. 'माथा १०. जेवण १२. दोननंतर फाट्याला वळायचं नाही. वरचा नाका ३.३०.' फाटा म्हणजे कड्याच्या टोकापर्यंत जाणारा १४ किलोमीटरचा रस्ता, जाऊन-येऊन दीड तास. या सगळ्या फेरीत मला सर्वांत जास्त तेच टोक बघायचं होतं. त्याच कागदाची दुसरी प्रत वहिनीकडे दिली, वाटेवरच्या गावांची नावं आणि गाडीचा नंबर लिहून. ठरलं असं की चार ठिकाणांहून मी निरोप पाठवीन, आणि संध्याकाळी सातपर्यंत काहीच कळलं नाही तर तिने फोनाफोनी सुरू करायची. सातच्या आधी काळजी करायची नाही, हेही ठरलं. त्यामुळे आम्ही दोघी मोकळ्या राहिलो. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला. अनेक देशांत मोबाइलवरून ११२ हा तातडीचा क्रमांक चालतो, आपल्या कंपनीची रेंज नसेल पण दुसरीची असेल तरी तो लागू शकतो. हेल्मेटच्या आत नाव, रक्तगट आणि वहिनीचा नंबर लिहिलेली पट्टी चिकटवली.

२३ ला टायर गार असतानाच हवा तपासली आणि निघाले. पायथ्याला सात पस्तीस. टाकी अर्ध्याहून जास्त होती तरी भरून घेतली. डोंगरात गाडी सपाटीपेक्षा जास्त पिते आणि पुढचा पंप कुठे ते आपल्या हातात नसतं.

पहिलं डावं वळण आलं तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. वेग आधीच उतरवला, दुसरा गिअर, मान वळवली. गाडी रेघेवर ठेवल्यासारखी आत आली. पुढचं उजवं, मग पुन्हा डावं. पाच-सहा वळणांनंतर मी मोजणं सोडून दिलं. एका वळणावर दरडीतून झिरपणारं पाणी रस्ताभर पसरलं होतं. कडेला शेवाळ, आणि त्यावर कोवळं ऊन पडून सगळा रस्ता काचेसारखा चमकत होता. गाडी सरळ उभी ठेवून, ब्रेकला हात न लावता तेवढा पट्टा पार केला. तीव्र वळणाच्या अलीकडे वरून लॉरी येताना दिसली की मी सरळ थांबून राहायचे. लांब वाहनाला वळायला सगळा रस्ता लागतो, आपण आधीच थांबलेलं बरं.

नऊ पन्नासला माथा. इंजिन बंद केलं आणि तापलेल्या धातूची टिकटिक ऐकू येऊ लागली, मग तीही थांबली. खाली दरीत ढग कापसासारखे साचलेले, त्यांतून फक्त डोंगरांच्या धारा वर आलेल्या. मी आलेला रस्ता खाली दोरीसारखा दिसत होता. वहिनीला निरोप पाठवला आणि बराच वेळ नुसती कठड्यावर बसले.

पठारावरचे तीस किलोमीटर मी फार थांबत थांबत गेले. गवत, वारा, दूरवर दुसरी रांग. पुढच्या वेळी थांब्यांना ठरवल्याच्या दीडपट वेळ धरीन, कारण बघण्यासारखं असलं की पाय निघत नाही. बारा दहाला झाडाखाली डबा खाल्ला, एकला उठले, आणि तीन किलोमीटरवर रस्ता बंद. डोंगरातून माती-दगड खाली आले होते, यंत्र लावून बाजूला करणं चालू होतं. किती वेळ, कुणी सांगू शकत नव्हतं. दीड तास गेला. सावलीत बसून पाणी पीत राहिले. नंतर नंतर पोटात कालवाकालव सुरू झाली, तेव्हा टाकीवरचा कागद पुन्हा पुन्हा वाचला.

दोन चाळीसला रस्ता सुटला. फाट्याशी आले तेव्हा दोन पन्नास. ऊन लख्ख होतं, पाटी समोर होती, टोक १४ किलोमीटर. गाडी थांबवून मी मिनिटभर त्या पाटीकडे पाहिलं. आत जाऊन परत यायला चार वीस झाले असते आणि नाका चारला बंद. कागदावर आदल्या संध्याकाळी शांत डोक्याने लिहिलेलं होतं, दोननंतर वळायचं नाही. तिथे उभं राहून ठरवायचं असतं तर मी वळले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. इंडिकेटर बंद केला आणि सरळ निघाले. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

वरच्या नाक्यावर तीन वाजता नोंद केली. गाडीचा नंबर, परवान्याचा क्रमांक, सही, पावती. ती पावती खालच्या नाक्यावर परत द्यावी लागते, वरच्या खिशात ठेवा. जंगलातला उतार दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरले. पुढच्या एका ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येत होता, म्हणून त्याच्यापासून बरंच अंतर ठेवलं. आणि मधेच एका डाव्या वळणात समोरून बस आली. मी बसकडे पाहिलं नाही. वळणापलीकडच्या झाडाकडे पाहत राहिले, डावा हात हलकेच पुढे गेला, आणि बस उजवीकडून निघून गेली. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडले, आनंदाने.

चार पाचला खालचा नाका, साडेपाचला घर. वहिनी दारातच होती, हातात तो कागद. दिवसभरात साडेपाच लिटर पेट्रोल लागलं. सपाटीवरचा शेवटचा तास मात्र जपा, मला तिथेच दोनदा जांभई आली. रस्ता सोपा झाला की डोकं सैल पडतं, म्हणून सपाटीला लागण्याआधी दहा मिनिटं उतरून चालून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेन पुसून तेल द्यायला खाली बसले, तेव्हा मागच्या टायरवर अंगठा फिरवून पाहिला. दोन्ही कडांना न झिजलेली पट्टी होती. डावीकडे बोटभर, उजवीकडेही बोटभर.